चाळिशीनंतर कमी हार्मोनचं गर्भनिरोधक : सोलापुरात कुठून सुरुवात करायची

आपल्याकडे दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन उरकून टाकायची पद्धत आहे. ज्यांचं ते उरकलं त्यांना या लेखाची गरज नाही. हा उरलेल्यांसाठी आहे. कुणाचं बाळंतपणात बीपी वाढलं म्हणून राहिलं, कुणाच्या सासूबाई ‘अजून एक होऊ दे’ म्हणाल्या म्हणून राहिलं, कुणी इतकी वर्षं निरोधवर भागवलं. आता वय ४०-४२, थोरली कॉलेजात, पाळी कधी २५ दिवसांनी तर कधी दीड महिन्यानं. अजून एक मूल नको हे नक्की. आणि ‘हार्मोनचं काही नको बाई, अंग सुटतं’ हेही तितकंच नक्की.

या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. फक्त ‘हार्मोन नको’ एवढंच सांगून दवाखान्यातून उठून येऊ नका, कारण त्या वाक्यात चार वेगवेगळी कारणं लपलेली असतात आणि प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं आहे.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. पाळी मागेपुढे व्हायला लागली म्हणजे दिवस राहायचे थांबले, असं होत नाही. बीज सुटणं अनियमित होतं, बंद होत नाही. दोन महिने काहीच नाही आणि तिसऱ्या महिन्यात अचानक बीज सुटतं. म्हणून इतकी वर्षं ज्यांनी तारखा मोजून ‘सुरक्षित दिवस’ पाळले, त्यांचा हिशेब नेमका याच वयात चुकतो. ‘मालक सांभाळून घेतात’ यावरही विसंबू नका. या वयातल्या गर्भारपणात बीपी, शुगर आणि गर्भपाताचा धोका तरुणपणापेक्षा जास्त असतो. पाळी चुकली की ‘आता जायचीच वेळ झाली’ असं समजून बाई गप्प बसते आणि कळतं तेव्हा चार महिने झालेले असतात.

पहिली पायरी : हार्मोन का नको, हे आधी ठरवा

गर्भनिरोधकात दोन जातीचे हार्मोन वापरतात. एक इस्ट्रोजेन, दुसरं प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं. नेहमीच्या पाकिटातल्या गोळीत, म्हणजे माला-एन किंवा माला-डी मध्ये, दोन्ही असतात. चाळिशीनंतर खरी काळजी इस्ट्रोजेनची असते. त्यानं रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, बीपी चढू शकतं, आणि बीपी किंवा धूम्रपान सोबत असेल तर पक्षाघात आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. दुसऱ्या हार्मोनला हा दोष सहसा लागत नाही. त्याचा त्रास म्हणजे पाळी विस्कटणं, मधेच डाग पडणं, काहींना छाती दुखरी होणं.

मेडिकलवाला ‘ही लो डोसची आहे’ म्हणून पाकीट पुढे करतो. त्यात खोटं काही नाही. जुन्या काळच्या गोळ्यांच्या मानानं डोस कमीच आहे. माला-एन मध्ये ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असतं. पण ज्या बाईचं बीपी १५०/१०० आहे तिला ते कमी इस्ट्रोजेनही चालत नाही. तेव्हा पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा तुमच्या अंगात काय चाललंय ते आधी बघायचं.

मग स्वतःला विचारा. बीपी, अर्धशिशी, मागे पायात गुठळी झालेली, यापैकी काही आहे म्हणून हार्मोन नको? तसं असेल तर टाळायचं आहे ते इस्ट्रोजेन. पूर्वी गोळीनं मळमळ झाली, वजन वाढलं म्हणून नको? मग रक्तात कमीत कमी जाणारं काहीतरी बघायचं. स्तनाचा कर्करोग झाला होता म्हणून? तर हार्मोन पूर्ण वर्ज्य, आणि बोलणं कर्करोगाच्या डॉक्टरांना धरूनच. की नुसतीच ऐकीव भीती आहे? तीही सांगायला लाजू नका. मात्र पाळीत खूप अंगावरून जात असेल, तर याच भीतीपायी उपयोगाचा उपाय हातचा जाऊ शकतो. ते पुढे येईलच.

दुसरी पायरी : चार गोष्टी मोजून घ्या

बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, वजन. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, ‘आपला दवाखाना’मध्ये किंवा गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. बीपी एकदाच जास्त आलं तर घाबरू नका. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात रिक्षातून उतरून मोजलं तर ते जास्त दिसणारच. थोडं बसा, पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी परत मोजा.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अंगात रक्त कमी आहे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, निवड करताना लागेल.

याबरोबर काही गोष्टी आपणहून सांगायच्या, कारण डॉक्टर विचारतीलच असं नाही. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का, एका बाजूला मुंग्या येतात का. तशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनची गोळी कोणत्याही वयात नको. कावीळ कधी झाली होती का. टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का, कारण त्यांतली काही औषधं गोळीचा असर कमी करतात. आणि तंबाखू. पूर्व भागात, कुंभारीकडे घरोघरी विड्या वळल्या जातात आणि मिश्री लावणं कुणाला व्यसन वाटतच नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर बाई ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. विडी, मिश्री, गुटखा, जे असेल ते नावानं सांगा. वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान चालू असेल तर इस्ट्रोजेनची गोळी घ्यायची नाही.

तिसरी पायरी : पर्याय बघा

हार्मोन अजिबात नको असेल तर पहिलं नाव तांबीचं. कॉपर-टी म्हणतात तीच. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात. रक्तात कुठलंही हार्मोन जात नाही. वर्षभरात १०० बायकांपैकी एखादीलाच दिवस राहतात, म्हणजे ऑपरेशनच्या जवळपास जाणारी खात्री. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दोन प्रकार असतात : ३८० ए ही १० वर्षांची आणि ३७५ ही ५ वर्षांची. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं १० वर्षांची मागावी. एकदा बसवली की बहुतेकींचं काम तिच्यावरच निभावतं.

तांबीबद्दल आपल्याकडे जेवढं बोललं जातं तेवढं कशाबद्दलच बोललं जात नसेल. ती वर छातीत चढते, नवऱ्याला टोचते, जड काम केलं की निसटते. छातीत जायला वाटच नाही. गर्भाची पिशवी वरून बंद असते. बसवताना पिशवीला छेद जाणं होतं, पण ते हजारात एक-दोन जणींना. निसटणं मात्र खरं आहे, शंभरात काही जणींची निसटते, तीही जास्त करून पहिल्या काही महिन्यांत. माग चालवला किंवा डोक्यावर कळशी घेतली म्हणून ती निसटत नाही. नवऱ्याला धागा जाणवला तर तो आखूड करून मिळतो.

तांबीचा खरा दोष वेगळाच आहे. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि पोटात कळा येतात. ज्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आहे आणि जिला आधीच दिवसाला सहा-सात पॅड लागतात, तिला तांबी बसवता येत नाही असं नाही, पण मी तिला आधी दुसरा पर्याय बघ म्हणेन.

तो दुसरा पर्याय म्हणजे हार्मोनची तांबी. मिरेना हे नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असेल. आकार तांबीसारखाच, पण तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन थेट पिशवीत झिरपतं, सुरुवातीला दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम. त्यातलं रक्तात फार थोडं जातं. इस्ट्रोजेन अजिबात नाही, त्यामुळे बीपी असलेल्या बाईलाही सहसा चालते. नावात हार्मोन आहे म्हणून बायका ही नाकारतात, आणि मला वाटतं नाकारताना सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कारण चाळिशीतला दुसरा मोठा त्रास, म्हणजे भरमसाट अंगावरून जाणं, ही तांबी फार चांगला आवरते. पहिले तीन-चार महिने डाग पडत राहतात, चिडचिड होते. मग पाळी अगदी थोडी होते, काहींची थांबते.

थांबली म्हणजे ‘घाण आत साठते’ असं कुणी सांगेल. काही साठत नाही. पिशवीचं अस्तरच पातळ राहतं, मग बाहेर पडायला काही नसतं.

पाळी जास्त जाते म्हणून ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटली’ असा सल्ला आपल्या भागात किती सहज मिळतो हे वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. ऊस आपल्याही जिल्ह्यात आहे आणि हा सल्लाही. पिशवी काढायला ठोस कारण असेल तर जरूर काढावी. पण कर्करोगाची शंका नाही, गाठी फार मोठ्या नाहीत आणि त्रास फक्त रक्तस्रावाचा आहे, तर ‘आधी हार्मोनची तांबी बसवून बघता येईल का?’ हा प्रश्न विचारायचाच. सरकारी मोफत पर्यायांत कॉपर-टी असते. ही बहुतेक वेळा खासगीत आणि काही हजार रुपये खर्चून बसवावी लागते. टिकते मात्र बनावटीप्रमाणे ५ ते ८ वर्षं, तेव्हा खर्च वर्षांवर भागून बघा. गाठींमुळे पिशवीची आतली पोकळी वाकडी झाली असेल तर दोन्ही तांब्या नीट बसत नाहीत, म्हणून आधी सोनोग्राफी. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ही नको, साधी कॉपर-टी चालते.

गोळीच हवी असेल तर छाया. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध १९९१ पासून ‘सहेली’ नावानं बाजारात आहे. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावानं मोफत मिळतं. गोळीत हार्मोन नाही. इस्ट्रोजेन शरीरात जिथे काम करतं तिथे जाऊन ही आडवी येते, म्हणून ‘हार्मोनशी काही संबंधच नाही’ असंही म्हणता येणार नाही. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. पाळी सोमवारी आली तर तीन महिने सोमवार आणि गुरुवार, त्यानंतर फक्त दर सोमवारी. मग पाळी कधीही येवो, वार बदलायचा नाही. एखादी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा आठवड्याला दोनपासून सुरुवात.

छायाबद्दल माझी एकच अडचण आहे. तिनं काहींची पाळी लांबते. ऐन तिशीत ते चालून जातं. पण मुळातच पाळी लांबत असलेल्या ४५ वर्षांच्या बाईला मग कळत नाही की हे गोळीमुळे, वयामुळे, की दिवस राहिलेत. पाळी १५ दिवसांपेक्षा जास्त लांबली तर घरीच लघवीची तपासणी करायची. ते किट आशाताईंकडे असतं. पीसीओएस (बीजकोशात बारीक गाठी होऊन पाळी बिघडण्याचा आजार) असेल, नुकतीच कावीळ झाली असेल, यकृताचा किंवा किडनीचा आजार असेल तर ही गोळी नको.

फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची रोजची गोळीही असते. ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची. इस्ट्रोजेन नाही, डोस थोडा, पण रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते आणि १२ तासांहून उशीर झाला की भरवसा कमी होतो. ज्यांना बीपीची गोळी रोज घ्यायची सवय आहे त्यांना ही जमते.

‘अंतरा’ नावाचं हार्मोनचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, मोफत आणि खात्रीचं. कमी हार्मोन शोधणाऱ्यांसाठी ते नाही. एका वेळी १५० मिलिग्रॅम अंगात जातं आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही. वापर चालू असेपर्यंत हाडांची घनता थोडी कमी होते, आणि पाळी जायच्या वयात हाडांना तेच नको असतं.

निरोध आहेच. लैंगिक आजारांपासून वाचवणारा एवढाच पर्याय आहे, त्यामुळे ती शंका असेल तर तांबी असूनही निरोध लागतो. एरवी एकट्या निरोधावर राहायचं तर तो दर वेळी हवा. ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी अडीअडचणीला ठीक. दर महिन्याला ती घेणं म्हणजे कमी हार्मोन टाळायला जाऊन जास्त हार्मोन घेणं.

आणि ऑपरेशन. ४४ व्या वर्षी बायकांचं ऑपरेशन करावं का? सरकारी नियमानं ४९ पर्यंत करता येतं. पण उरलेली चार-सहा वर्षं काढायला भूल घेऊन पोटाला छेद द्यायचा, की पाच-दहा मिनिटांत तांबी बसवायची? मला तांबी सरस वाटते.

पुरुषांचं ऑपरेशन मात्र या वयातही विचारात घेण्यासारखं आहे. बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. बाईच्या अंगात हार्मोनचा थेंब जात नाही, काही बसवावं लागत नाही. १९७६ सालच्या आणीबाणीतल्या सक्तीनं या शस्त्रक्रियेचं नाव जे खराब झालं ते अजून सावरलेलं नाही. ‘माग चालवायची ताकद जाते’ हे वाक्य यंत्रमागाच्या कारखान्यात आजही ऐकू येतं. ताकद जात नाही, पुरुषत्वही जात नाही. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. आठवडाभर जड काम टाळायचं. एक गोष्ट मात्र विसरायची नाही : असर लगेच होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट चांगला आला की मोकळं.

चौथी पायरी : जायचं कुठे, बोलायचं काय

शहरात असाल तर जवळचं नागरी आरोग्य केंद्र पहिलं. तांबी, नसबंदी किंवा सोनोग्राफीसाठी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. वैशंपायन मेडिकल कॉलेज त्यालाच जोडलेलं असल्यानं स्त्रीरोग विभाग मोठा आहे आणि गर्दीही तशीच. सकाळी लवकर केसपेपर काढा आणि डबा बरोबर ठेवा. पंढरपूर, अकलूजकडच्यांना तिथलं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडेल. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आगेमागे, शहरातून येणं-जाणं अवघड होतं. नेमकी तीच तारीख धरू नका.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बायका दुभाषी म्हणून शाळकरी मुलीला घेऊन येतात. मग मुलीपुढे नवरा-बायकोचं काही बोलता येत नाही आणि निम्मं सांगायचं राहतं. जाऊबाई, बहीण, शेजारीण किंवा वस्तीतल्या आशाताई, कुणीही चालेल, लेक नको.

आत गेल्यावर हे सांगा : वय, मुलं किती, शेवटची पाळी कधी आली, किती दिवस चालली, रक्ताच्या गाठी पडतात का, आजार आणि औषधं कोणती. मग विचारा : ‘माझ्या बीपीला आणि रक्ताला यातलं काय चालेल?’ ४५ च्या पुढे वय आणि पाळी फार जात असेल तर काहीही बसवण्याआधी सोनोग्राफी, लागलं तर पिशवीच्या अस्तराची तपासणी करायला सांगतात. त्याला नाही म्हणू नका. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं हे आधी तपासायचं, गर्भनिरोधक नंतर. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी राहिली असेल तर तीही याच खेपेत उरकते.

तांबीला किंवा ऑपरेशनला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. कुणी मागितली तर तसं शांतपणे सांगा.

पाचवी पायरी : बसवण्याचा दिवस आणि पुढचे महिने

पाळीच्या पहिल्या १२ दिवसांत गेलात तर दिवस राहिलेले नाहीत याची खात्री असते आणि काम सोपं जातं. कॉपर-टी त्याच क्षणापासून लागू होते. हार्मोनची तांबी पाळीच्या सातव्या दिवसानंतर बसवली तर पुढचे सात दिवस निरोध. बसवताना कळ येते, पाळीतल्या कळेसारखी, कुणाला थोडी जास्त. उपाशी जाऊ नका. त्या दिवशी कामाला सुट्टी मिळाली तर बरं.

महिन्या-दीड महिन्यानं दाखवायला जायचं. पाळीनंतर बोटानं धागा लागतो का बघायचा. ताप, ओटीपोटात सतत दुखणं, वास येणारं पांढरं जाणं, धागा न लागणं किंवा पाळी चुकून एका बाजूला दुखणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नुसतं जास्त जात असेल तर डॉक्टर पाळीपुरत्या गोळ्या देतात आणि लोहाच्या गोळ्या चालू करतात. सहा महिन्यांनीही जमत नसेल तर काढून घ्या. काढणं हा तुमचा हक्क आहे. आणि सगळं करूनही दिवस राहिले, तर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं कायदेशीर गर्भपात होतो, सही फक्त बाईची लागते.

सहावी पायरी : थांबायचं कधी

वय ५० च्या पुढे असेल तर शेवटच्या पाळीनंतर १ वर्ष, ५० च्या आत असेल तर २ वर्षं. तोवर गर्भनिरोधक चालू ठेवायचं. हार्मोनच्या तांबीत किंवा प्रोजेस्टेरॉनच्या गोळीवर पाळी थांबली असेल तर हा हिशेब लागू होत नाही; तिथे डॉक्टर वय बघून ठरवतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ‘परत पाळी आली’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका, लगेच दाखवा.

तांबी बसवलेली विसरू नका. पाळी गेली, मुलांची लग्नं झाली आणि साठीत दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या सोनोग्राफीत तांबी दिसते, असं होतं. राहिलेल्या तांबीनं पिशवीत संसर्ग होऊ शकतो, आणि पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की तोंड आक्रसल्यानं काढायलाही त्रास होतो. बसवल्याची तारीख आणि काढायचं वर्ष लिहिलेलं कार्ड आधार, रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, आणि ती तारीख घरातल्या आणखी एखाद्या बाईला सांगून ठेवा.